१/४८ एस.ई.५ए (वूल्सली वायपर) : कामाच्या नोंदी

९ जून : किट उघडण्याआधी

एस.ई.५ए हे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, त्याचं हे प्लॅस्टिकचं मॉडेल. किट १/४८ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, इंजेक्शन मोल्डेड (साच्यात ओतलेलं). सोबत रंगीत पितळी पत्रा, रंगवताना झाकायचे मास्क आणि डिकॅल (पाण्याने चिकटवायच्या खुणा). हवं ते विमान वायपर इंजिनाचं आहे, त्यामुळे पहिलं काम म्हणजे नको असलेले भाग चौकटीवरच लाल मार्करने खोडून टाकणं. एकाच डब्यात दोन्ही नाकांचे भाग येतात आणि रात्री अकरा वाजता चुकीचं नाक चिकटवणं फार सोपं असतं.

फरक असा : गिअर असलेल्या हिस्पानो इंजिनाला बहुधा चार पात्यांचा पंखा, आणि पंख्याचा आस नाकावर वर चढलेला. वायपर थेट चालतं, गिअर नाही. म्हणून आस खाली आणि पंखा दोन पात्यांचा. गिअरमुळे पंख्याच्या फिरण्याची दिशा उलटते, म्हणजे पात्यांचा पीळही उलटा. चार पात्यांच्या पंख्याची दोन पाती कापून वायपरला लावायचा उद्योग करू नये.

मापं काढून भिंतीवर लावली. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ८.११ मीटर, म्हणजे आपल्या मॉडेलवर १६९ मिमी. लांबी ६.३८ मीटर, म्हणजे १३३ मिमी. पंखाची रुंदी ५ फूट, म्हणजे ३१.७ मिमी. वरचा पंख खालच्याच्या पुढे १८ इंच, म्हणजे ९.५ मिमी. दोन्ही पंखांचा वरच्या दिशेचा कोन ५ अंश. किटचे पंख पट्टीवर ठेवले तर विस्तार १६९ भरतो. चांगलं आहे.

या विमानाचं आपल्याशी नातं इंद्रलाल रॉय यांच्यामुळे. कलकत्त्याचे रॉय ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून एस.ई.५ए उडवत होते. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर दहा विजय लागले आणि २२ जुलैला ते मारले गेले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकरही त्याच उन्हाळ्यात गेले, पण त्यांचं विमान सॉपविथ डॉल्फिन होतं. त्याची मांडणीच वेगळी. वरचा पंख खालच्याच्या मागे. त्याचं तारकाम हा वेगळा विषय आहे.

संदर्भाबद्दल एक सावधगिरी. इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डनच्या संग्रहातलं एफ९०४ हे एस.ई.५ए आजही उडतं, इंजिन वायपरच आहे आणि फोटो भरपूर मिळतात. लंडनच्या सायन्स म्युझियममधलं मात्र युद्धानंतर आकाशात धुराने जाहिराती लिहायला वापरलेलं. त्याचे एक्झॉस्ट पाइप धुरासाठी पार शेपटीपर्यंत नेलेले आहेत. ते बघून पाइप लांबवू नयेत. युद्धातल्या विमानावर ते कॉकपिटच्या थोडं मागे संपतात.

१० जून : भोकं

दोन पंखांमधल्या तारा शेवटी लागतात, पण त्यांची भोकं आजच पाडायची. रंग झाल्यावर पिन व्हाइस (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल) धरून नाजूक पंखावर जोर दिला की रंगाचा टवका उडतो, शिवाय पंख जोडल्यावर ड्रिलला आत शिरायला कोनच मिळत नाही.

एका बाजूला मुख्य तारा आठ : उड्डाणाच्या तारा पुढे जोडी आणि मागे जोडी (विमान हवेत असताना पंखाला वर उचलून जाण्यापासून धरतात), उतरण्याच्या पुढे एक, मागे एक (जमिनीवर पंखाचं वजन पेलतात), आणि पुढच्या-मागच्या स्ट्रटमधली (स्ट्रट म्हणजे दोन पंखांमधले उभे दांडे) फुली. दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा, म्हणजे बत्तीस टोकं. त्यात मधल्या स्ट्रटच्या फुल्या, शेपटीच्या तारा आणि एलरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांच्या) केबल मिळवल्या की भोकं साठाच्या वर जातात.

ड्रिल ०.३ मिमी. आधी सुईने खूण टोचायची. ती नसली तर ड्रिल घसरून बरगडीच्या (पंखाच्या कापडाखालच्या पट्टीच्या) कडेला जातं. जोडतारांची दोन भोकं एकमेकांपासून ०.७ मिमीवर. खोली १ मिमी. खालचा पंख मुळाशी १.९ मिमी जाड आहे, टोकाकडे तो १.२ वर येतो, तेव्हा ड्रिलच्या पात्यावर टेपचा झेंडा लावला : टेप पंखाला टेकली की थांबायचं.

सगळ्यात महत्त्वाचं, भोक तारेच्याच कोनात पाडायचं. सरळ उभं भोक पाडलं की तार बाहेर येताना भोकाच्या काठावर मोडते, आणि ती मोड नंतर कितीही ताण दिला तरी दिसतेच. कोन पाहायला पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून पंखावर उभा केला आणि ड्रिल त्याच्या कर्णाला समांतर धरलं.

उजव्या खालच्या पंखात एक भोक आरपार गेलं. टेपचा झेंडा सरकला होता. वरच्या बाजूने ०.३ चा ताणलेला प्लॅस्टिकचा दोरा घालून, प्लॅस्टिक जोडायच्या पातळ सिमेंटने विरघळवून, उद्या घासायचं.

१३ जून : पंखांच्या कडा आणि बरगड्या

पंखाची मागची कड किटमध्ये ०.६ मिमी जाड आहे. ४८ ने गुणलं तर जवळपास २९ मिमी, म्हणजे इंचाहून जाड फळी. खऱ्या विमानात तिथे कापड अगदी चिमटून संपतं. खालच्या बाजूने, वरच्या बरगड्यांना हात न लावता, ४०० च्या वॉटर पेपरने घासून ०.२५ वर आणली. पेपर सपाट काचेवर चिकटवायचा आणि पंख त्यावर फिरवायचा. उलटं केलं, पंख हातात धरून पेपर फिरवला, तर कड लाटेसारखी होते.

बरगड्यांमधलं कापड किटवाल्यांनी भुकेल्या गुरासारखं आत ओढून दाखवलंय. डोप (कापड ताणून घट्ट करणारं वार्निश) लावलेलं ताठ लिननचं कापड एवढं खाली बसत नाही. ६०० च्या पेपरने बरगड्यांचे माथे निम्मे केले. प्रायमरनंतर उजेड तिरका टाकून पाहिलं, आता बरगड्या दिसतात, मोजता येत नाहीत. एवढंच हवं.

१६ जून : कॉकपिट

उघडा भाग लहान, नंतर वरचा पंख आणि मशीनगन त्यावर येणार. म्हणून सगळा पितळी पत्रा वापरायचा मोह टाळला. दिसणाऱ्या गोष्टी तीन : आसन, पट्टे आणि समोरची (उपकरणांची) फळी. बाकीचं अंधारात जातं.

लाकडाचा रंग : खाली तामिया कंपनीचा एक्सएफ-५९ रंग, एक दिवस वाळवून त्यावर तैलरंगातला जळका अंबर, पातळ न करता, कोरड्या चपट्या ब्रशने एकाच दिशेने ओढलेला. पावसाळ्यात हा थर चार दिवस तरी चिकट राहतो. बंद डब्यात ४० वॅटचा बल्ब लावून ठेवला तर दोन दिवसांत काम होतं. वर तामियाचा पारदर्शक नारिंगी एक भाग आणि पारदर्शक चकचकीत तीन भाग, एकच हात. दोन हात दिले की आसन तुपात तळल्यासारखं दिसतं.

पट्टे पितळी, ते सपाट चिकटवले तर स्टिकर वाटतात. मेणबत्तीच्या ज्योतीवर दोन सेकंद धरून मऊ केले आणि आसनाच्या काठावरून वाकवले. रंगीत पत्रा मात्र ज्योतीवर धरू नये, छपाई करपते. तो बोटाने दाभणाच्या दांड्यावर हळूहळू गुंडाळला.

१९ जून : धड बंद

कॉकपिटचा सांगाडा आत बसवल्यावर धडाचे दोन भाग पाठीकडे ०.४ मिमी उघडे राहतात. कारण समोरच्या फळीच्या दोन्ही कडा रंगाने जाड झाल्या आहेत. फळीच्या कडांवरचा रंग खरवडला, फट गेली. पुट्टी लावण्याआधी असं कारण शोधावं. पुट्टीने फट बुजते पण धड रुंद राहतं, आणि मग खालचा पंख मधोमध बसत नाही. हीच चूक पुढे वरच्या पंखापर्यंत चढत जाते.

पाठीवरची शिवण पूर्ण घासून टाकायची. पोटाची शिवण मात्र मागच्या भागात कापडाची शिलाई म्हणून हलकी ठेवली.

२२ जून : खालचा पंख, पत्त्यांचा साचा

५ अंशाचा कोन डोळ्याने लावता येत नाही. काचेवर ग्राफ पेपर, त्यावर धड पट्टीने उभं धरून टेपने पक्कं. पंखाची शेवटची सरळ बरगडी मुळापासून ६६ मिमीवर आहे. तिथे ५ अंशाला उंची ५.८ मिमी यायला हवी. आधाराला पत्त्यांचा कॅट वापरला. एक पत्ता साधारण ०.३ मिमी, एकोणीस पत्त्यांचा गठ्ठा ५.७ भरला. पत्त्यांचा फायदा हा की एक काढला किंवा घातला की ०.३ चा फरक. ठोकळा घासत बसावं लागत नाही.

पातळ सिमेंट मुळाशी सांध्यात सोडून बारा तास हलवलं नाही. नंतर पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या उभ्या दांड्यापर्यंत डिव्हायडरने अंतर घेतलं. डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे आलं पाहिजे. ०.५ मिमीपर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर सांधा आजच फोडायचा, उद्या नाही.

२९ जून : रंग, आणि पाऊस

वरची बाजू पीसी१०. हा डोपचा रंग, पिवळी गेरू आणि काजळी मिसळून केलेला. काजळीचं प्रमाण, वरचं वार्निश आणि ऊन यांमुळे तो हिरवट खाकीपासून चॉकलेटी तपकिरीपर्यंत कुठेही दिसतो. म्हणून यावर भांडू नये, पण एका विमानावर एकच छटा ठेवावी. इथे वापरलेलं मिश्रण : तामिया एक्सएफ-६२ तीन भाग, एक्सएफ-६४ एक भाग, आणि शेवटी थेंबभर एक्सएफ-५७.

खालची बाजू बिनरंगाचं डोप दिलेलं कापड. पांढरं नाही, पिवळंही नाही. जुन्या धोतराला वार्निश लावल्यावर जो रंग येईल तो. एक्सएफ-२ चार भाग, एक्सएफ-५७ एक भाग.

एक बारकावा बऱ्याच मॉडेलमध्ये राहून जातो. वरचा पीसी१० पंखाच्या कडेवरून खाली वळतो आणि खालच्या बाजूला कडेने एक बारीक पट्टी दिसते. १/४८ ला ती ०.७ ते १ मिमी. क्रम असा : आधी खालचा फिका रंग, मग कडेपासून १ मिमी आत टेप लावून सगळा पंख झाकायचा, मग वरून पीसी१०. टेपची कड नखाने नीट दाबायची, कारण पीसी१० फिक्या रंगात झिरपला की तो काढता येत नाही, परत फिका रंग द्यावा लागतो आणि त्याचा थर जाड होतो.

हवेत ओलावा ८५ टक्के. पहिला हात दिल्यावर पाच मिनिटांत वरच्या पंखावर पांढरी साय आली. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि लॅकर धुकट होतं. उपाय दोन : थिनरमध्ये दहा टक्के रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव), आणि फवारण्याआधी पंख बल्बच्या डब्यात कोमट करून घेणं. साय आलेल्या जागी निव्वळ थिनर आणि रिटार्डर दुरून हलकेच फवारला की तीच साय विरघळून जाते. घासायची गरज पडली नाही. एअरब्रशच्या कंप्रेसरला पाणी अडवणारी बाटली नसेल तर जुलैत फवारणीच करू नये. नळीत साचलेलं पाणी थेंबाने रंगात येतं आणि पंखावर माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग उठतात.

६ जुलै : डिकॅल

वरच्या पंखावरच्या आणि धडावरच्या ओळखीच्या रंगीत गोलांना बाहेरून बारीक पांढरी कड, पीसी१० वर निळा उठून दिसावा म्हणून. खालच्या पंखाच्या खालच्या गोलांना ती नाही. सुकाणूवरचे पट्टे पुढून मागे निळा, पांढरा, लाल. उलटे लावले तर विमान १९३० नंतरचं होतं. पट्टे डिकॅलने न लावता रंगवले, कारण सुकाणूच्या बरगड्यांवर डिकॅल तंबूसारखी ताणली जाते. पांढरा, मग मास्क, मग निळा, मग लाल. लाल शेवटी. तो खालून पांढऱ्यात उमटतो.

डिकॅल बरगड्यांवर बसवायला मऊ करणारं द्रव दोनदा. पहिल्यांदा सुरकुती आली की हात लावायचा नाही, ती वाळताना आपोआप बसते. हाताने दाबली की फाटतेच.

१३ जुलै : पंखा आणि एक्झॉस्ट

पंखा लाकडाचे थर चिकटवून कोरलेला असतो. थराची जाडी खऱ्यात इंचाच्या आसपास, आपल्याकडे अर्धा मिमी. मास्किंग करत बसण्यापेक्षा लाकडाचा रंग दिल्यावर गडद तपकिरी रंगपेन्सिलीला टोक काढून थरांच्या रेषा ओढल्या. पात्याच्या पुढच्या तोंडावर त्या सरळ नसतात. लाकूड तिरकं कोरल्यामुळे त्या लांबट कमानीसारख्या फिरतात, जशा फणसाच्या फळीवर दिसतात. कडेने सरळ रेषा मारल्या तर पंखा थरांचा न दिसता पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो.

एक्झॉस्टची टोकं ०.८ ड्रिलने पोकळ. गंज लाल-नारिंगी नको, जळलेल्या तव्याचा तपकिरी-करडा. तेलाचे ओघळ धडावर मारायचे नाहीत. सॉपविथ कॅमलसारख्या फिरत्या इंजिनाच्या विमानांवर एरंडेल उडतं, म्हणून पहिल्या महायुद्धाचं विमान म्हटलं की काही जण सरसकट ओघळ ओढतात. वायपर पाण्याने थंड होणारं व्ही-८ आहे. इथे रेडिएटरखाली पाण्याचे थोडे पांढुरके डाग आणि चाकांना, शेपटीच्या टेकूला चिखल, इतकंच.

२० जुलै : वरचा पंख

मधले चार स्ट्रट आधी धडावर, खाली टेकवून, सिमेंट अर्धवट ओलं असताना वरचा पंख त्यांवर टेकवून कोन जुळवला आणि पंख उचलून घेतला. स्ट्रट वाळू दिले. दुसऱ्या दिवशी बाहेरचे चार स्ट्रट खालच्या पंखात. मग वरचा पंख.

वरचा पंख चिकटवताना विमान उलटं ठेवणं सोपं पडतं : वरचा पंख पालथा काचेवर, मधला सपाट भाग टेपने काचेला धरलेला, टोकांखाली पत्ते, आणि विमान त्यावर उतरवायचं. गुरुत्व आपल्या बाजूने काम करतं. पुढे-मागे ९.५ मिमी मोजायला उभा गुण्या पंखाच्या पुढच्या कडेला लावला. खालच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून गुण्यापर्यंतची जागा सगळीकडे सारखी, टोकाशीसुद्धा.

डाव्या बाहेरच्या मागच्या स्ट्रटची खुंटी भोकात बसत नव्हती. ढकलून बसवली असती तर पंख त्या टोकाशी ०.६ मिमी पिळला गेला असता, आणि तोच पीळ पुढून पाहताना एका बाजूचा पंख पडलेला दाखवतो. खुंटी १ मिमीची ०.४ केली. पंख धरून ठेवायचं काम शेवटी स्ट्रटचं कमी आणि तारांचं जास्त आहे, खऱ्यातही आणि इथेही, म्हणून खुंटी आखूड झाल्याने काही बिघडत नाही.

२७ जुलै : तार कुठली

हा प्रश्न आधी सोडवून ठेवायचा, कारण दर विमानाला उत्तर वेगळं. जर्मन विमानांच्या पंखांत गोल पिळाची केबल आणि ताण देणारे टर्नबकल असतात. एस.ई.५ए ला मात्र रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीचीच चपटी तार : पोलादाची, काप भिंगासारखा, रुंदी जाडीच्या साधारण चौपट, अरुंद कड वाऱ्याकडे. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून. तिच्या टोकाला आटे असतात आणि ती थेट चिमट्यासारख्या फिटिंगमध्ये बसते. त्यामुळे पंखांच्या तारांवर बाजारातले रेझिनचे सुबक टर्नबकल लावणं हे पैसे देऊन चूक विकत घेणं आहे. टर्नबकल फक्त नियंत्रणाच्या गोल केबलवर.

१/४८ ला या तारेची रुंदी ०.१ ते ०.२ मिमी. पर्याय तीन तपासले.

तंगूस, ०.०८ ते ०.१ मिमी. मजबूत, सरळ, पंखाला खरोखर धरते. पण गोल.

रिगिंगसाठी मिळणारा लायक्राचा लवचिक धागा. हात लागला तरी तुटत नाही, परत जागेवर येतो. हा धागा मुळात चपटा असतो, म्हणून चपट्या तारेला छान. तोटा : पंखाला काहीही आधार देत नाही, आणि पीळ पडला की भिंगाखाली दोरखंड दिसतो.

होजिअरीवाल्यांकडचा ४० डेनिअरचा उघडा स्पँडेक्स. व्यास साधारण ०.०७ मिमी, फार स्वस्त. पण पांढरा येतो, आणि रंग ताणताना पापुद्र्यासारखा सुटतो. मार्करने करडा करता येतो, तरी डाग राहतात. बाद.

निर्णय : पंखांच्या सोळा तारा करड्या चपट्या लवचिक धाग्याने. एलरॉन आणि शेपटीच्या केबलना तंगूस ०.०८.

२८ जुलै ते ४ ऑगस्ट : तारकाम

क्रम आतून बाहेर. मधल्या स्ट्रटच्या फुल्या, मग पुढच्या-मागच्या स्ट्रटमधल्या फुल्या, मग उतरण्याच्या तारा, शेवटी उड्डाणाच्या जोड्या. उलट केलं तर आतल्या भोकापर्यंत चिमटा पोचत नाही.

एका तारेची रीत. डिव्हायडरने भोक ते भोक अंतर घ्यायचं. त्याच्या ८० टक्के लांबीचा धागा कापायचा. कात्री बोथट असेल तर टोक फुलतं आणि भोकात शिरत नाही, नवं ब्लेड काचेवर दाबून कापावा. वरच्या पंखाच्या भोकात इन्स्टंट ग्लूचा कण, मग धाग्याचं टोक, दहा सेकंद. खाली लोंबणारं टोक चिमट्याने धरून हलकं सोडायचं, धागा स्वतःभोवती फिरतो आणि पीळ उलगडतो. तो फिरायचा थांबला, दिव्याच्या उजेडात त्याची चकाकी एकसारखी एका रेषेत आली, की समजायचं चपटी बाजू सरळ आहे. आता ताणून खालच्या भोकात.

ग्लू लावायला शिवणाच्या सुईचं नेढं वरून अर्धं कापलं. राहिलेल्या दोन टोकांच्या फाळीत ग्लूचा अगदी टिचभर थेंब अडकतो. तो भोकाच्या काठाला टेकवला की स्वतःच आत ओढला जातो. टूथपिकने लावलेला ग्लू भोकाभोवती चकचकीत वर्तुळ करतो. सुईवर दर दहा तारांनी कडक थर चढतो, तो ज्योतीवर जाळून टाकायचा, पण खिडकी उघडी ठेवून. वाफ डोळ्यांना झोंबते.

ग्लू चटकन वाळवणारा स्प्रे वापरू नये. लॅकरवर त्याने जाळीदार तडे पडतात. सुईनेच त्याचा एक कण लावला तर चालतं.

जोडतारांची एक मागे एक दोन भोकं असतात, त्यातून दोन धागे समांतर जायला हवेत. दोघांचा ताण वेगळा झाला तर ते टोकाशी जुळतात आणि मध्ये पसरतात. एकाच कापाचे दोन तुकडे घेतले आणि लागोपाठ लावले, तेव्हा समांतर आले. उतरण्याची तार या जोडीच्या मधून जाते. म्हणून ती आधी, मग एक उड्डाणतार तिच्या पुढून, दुसरी मागून.

जिथे या तारा एकमेकींना छेदतात तिथे खऱ्या विमानात घासू नयेत म्हणून मध्ये छोटा लाकडी ठोकळा असतो. १/४८ ला तो टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाचा थेंब छेदावर सोडला, वाळल्यावर दुसरा, मग तपकिरी रंग. एक जागा चुकली, गोंद जास्त झाला आणि तार खाली झुकली. ओल्या ब्रशने पुसून काढता आला. इन्स्टंट ग्लू असता तर तार गेली असती.

४ तारखेला एलरॉनच्या केबल. तंगूस वरच्या पंखात आधीच चिकटवून लोंबत ठेवली होती. ती खालच्या पंखातल्या भोकातून काढून खाली २ ग्रॅमचं वजन टांगलं, ग्लू, मग बुडाशी कापली. थोडी ढिली राहिलेली एक उदबत्तीने ताठ केली. उदबत्तीचं टोक तारेपासून ४ ते ५ मिमीवर, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, न थांबता. नायलॉन आकसतं. टेकलं की तुटतं, आणि ती नव्याने ओवायची तर पूर्ण एक संध्याकाळ जाते. उदबत्तीची राख आधी झाडून घ्यावी, नाहीतर ती पीसी१० वर पडते आणि पुसताना पांढरा ओघळ होतो.

१० ऑगस्ट : बंदुका

व्हिकर्स मशीनगन धडाच्या डाव्या बाजूला, बरीचशी आत बुडालेली, पंख्यातून गोळी जावी म्हणून कॉन्स्टँटिनेस्कोच्या द्रवदाबाच्या यंत्रणेला जोडलेली. दिसतं फक्त वरचं नळकांडं, त्यामुळे पितळी जाळी न गुंडाळता किटचाच भाग.

दुसरी मशीनगन, लुइस, वरच्या पंखावर फॉस्टरच्या वळणदार पट्टीवर. इथे सगळ्यांचं लक्ष जातं. पट्टी किटमध्ये १ मिमी जाड, ती ०.४ च्या पितळी पत्र्याच्या पट्टीने बदलली. वळणाला दाढीच्या ब्रशचा दांडा साचा म्हणून वापरला. लुइसच्या घोड्यापासून कॉकपिटपर्यंत एक बारीक बाउडेन केबल खाली येते. किटमध्ये ती नाही, ०.१ तांब्याच्या तारेने केली. ड्रम ९७ गोळ्यांचा, वरून त्याला खाचा आहेत. काळा रंग देऊन खाचांवर पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने चोळलं. धातू चमकतो तसंच दिसतं, चांदीच्या रंगाने कधीच दिसत नाही.

समोरची काच पांढऱ्या गोंदानेच. इन्स्टंट ग्लूची वाफ काचेवर धुकं धरते.

१७ ऑगस्ट : चाकं, मोजणी

टायर ७०० बाय १०० मिमीचे, म्हणजे १४.६ मिमी. काळे कुळकुळीत न करता गडद करडे. खाली ०.३ मिमी घासून सपाट, दोन्ही एकाच वेळी काचेवरच्या पेपरवर, नाहीतर एक चाक बसतं आणि दुसरं तरंगतं.

पुढून पाहिलं तर उजवं टोक डाव्यापेक्षा ०.८ मिमी खाली आहे. लवचिक धागे पंखाला ओढत नाहीत, म्हणजे दोष तंगुसेत असणार. उजव्या एलरॉनच्या केबलवर बोट ठेवलं तर ती वाजते, डावी वाजत नाही. उदबत्ती जास्त लागली होती. ती केबल कापली, टोक स्वतः वर आलं, ०.२ वर. नवी केबल वजन न टांगता नुसती ओढून लावली.

२४ ऑगस्ट

तंगूस नायलॉनची आहे आणि नायलॉन ओलाव्याने फुगून लांबतं. ऑगस्टमध्ये ताठ दिसणारी केबल डिसेंबरच्या कोरड्या हवेत आणखी ताणली जाणार. म्हणून शेपटीच्या दोन केबल मुद्दाम किंचित सैल ठेवल्या आहेत : चिमट्याच्या टोकाने ढकललं तर अर्धा मिमी सरकतात. आज फोटोत त्या थोड्या झुकलेल्या दिसतील.